आपल्याच पेशी मारून काय मिळतं?

झ्युरिक

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आपल्याच पेशी मारून शरीराला मिळतं काय?" मी घाईत होते, उत्तर राहून गेलं. ते आज नीट लिहिते.

विषाणू पेशीच्या आत शिरला की अँटीबॉडी तिथवर पोहोचत नाहीत. मग मारेकरी टी-पेशी, म्हणजे बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, येतात. त्यांच्याकडे दोन मार्ग असतात. एक परफोरिनचा. हे प्रथिन बाधित पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं आणि त्यातून ग्रॅन्झाइम नावाची विकरं आत जाऊन तिला मरायला लावतात. दुसरा फासचा. टी-पेशीवरचा रेणू समोरच्या पेशीवरच्या फास नावाच्या रेणूला जुळला की मरणाचा निरोप बाहेरूनच आत जातो.

१९९४ साली या शहरातल्या शास्त्रज्ञांनी परफोरिनचं जनुक निकामी केलेल्या उंदरांना एलसीएमव्ही हा विषाणू टोचला. हा विषाणू स्वतः पेशी मारत नाही, आत बसून वाढत राहतो. साधा उंदीर आठ-दहा दिवसांत त्याला निपटतो. या उंदरांच्या टी-पेशी जाग्या झाल्या, संख्येनेही वाढल्या, फासचा मार्गही शाबूत होता, पण विषाणू हटला नाही.

म्हणजे परफोरिन सगळीकडे लागतंच, असं मात्र नाही. देवीच्या लशीतला व्हॅक्सिनिया विषाणू पेशीचा नाश स्वतःच करतो. तो परफोरिनशिवायही आटोक्यात येतो, तिथे इंटरफेरॉन (पेशी इशारा म्हणून सोडतात ती प्रथिनं) आणि अँटीबॉडी कामाला येतात. फ्लूमध्ये दोनपैकी कोणताही एक मार्ग चालतो. पण उंदरांची देवी व्हॅक्सिनियाच्याच कुळातली असून तिची लागण झालेल्या उंदराकडे परफोरिन नसेल तर तो दगावतो. एका विषाणूवरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये, हे मी इथेच शिकले.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला वेगळ्याच ठिकाणी सापडलं. परफोरिन नसलेले ते उंदीर नुसत्या विषाणूने मरत नाहीत. त्यांच्याच टी-पेशी त्यांना मारतात. समोरची पेशी मेली की टी-पेशी तिला सोडून पुढे जाते. ती मरतच नसेल तर टी-पेशी तिला चिकटून राहते आणि इंटरफेरॉन गॅमा ओतत राहते. त्याने मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, चवताळतात, रक्तपेशी घटत जातात. बाबा, मारणं हे थांबण्यासाठीही लागतं!

हे माणसातही घडतं. काही तान्ह्या बाळांचा ताप उतरत नाही, प्लीहा आणि यकृत सुजतं, मॅक्रोफेज रक्तपेशीच गिळू लागतात. यातल्या काही बाळांमध्ये परफोरिनचं जनुक बिघडलेलं असतं, हे १९९९ मध्ये कळलं. २००४ मध्ये तशाच उंदरांमध्ये इंटरफेरॉन गॅमा अडवला आणि ते जगले. विषाणू अंगात असूनही जगले, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. २०१८ मध्ये अमेरिकेत त्याच तत्त्वावरच्या औषधाला या आजारासाठी मान्यता मिळाली. अस्थिमज्जा बदलेपर्यंत त्या बाळांना तग धरायला त्याची मदत होते.

उद्या माझ्या उंदरांना विषाणू टोचल्याचा आठवा दिवस. त्यांच्या प्लीहेतल्या टी-पेशी मोजायच्या आहेत. त्यासाठी त्यांचा जीव जातो, म्हणून एकही नोंद चुकू नये याची मला फार काळजी असते. पहाटे लवकर उठायचं आहे, इथेच थांबते.

आईला नमस्कार सांगा.

तुमची,
चिमी