ड्रमला खालून आधार हवाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत घरगुती लाकूडकामावर मजकूर येऊ लागला, ही चांगली गोष्ट झाली. मात्र बेंच ड्रिलचा (टेबलावर बसवलेल्या भोक पाडायच्या मशीनचा) सँडर, म्हणजे लाकूड घासायची मशीन, करण्याची जी युक्ती सगळीकडे सांगितली जाते, ती अर्धीच असते. प्लायच्या चकत्यांचा ड्रम करा, त्याला पॉलिश पेपर गुंडाळा, ड्रम चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यांत, पकडा आणि मशीन चालू करा, एवढ्यावर ती संपते. देव्हाऱ्याची कमान, खुर्चीच्या पाठीचा बाक, खेळण्यातल्या घोड्याची मान अशा आतल्या वळणांना ना पट्ट्याचा सँडर पोहोचतो ना चकतीचा. तिथे हा ड्रम खरोखर कामाचा आहे. पण त्याला खालून बेअरिंगचा आधार दिला नाही, तर तो मशीन बिघडवतो आणि प्रसंगी हातालाही इजा करतो.

याचे कारण मशीनच्या बांधणीत आहे. भोक पाडताना सगळा जोर स्पिंडलच्या (मशीनच्या फिरत्या उभ्या दांड्याच्या) रेषेत, म्हणजे उभा येतो आणि ड्रिल मशीन त्यासाठीच बनवलेली असते. घासताना जोर आडवा येतो. शिवाय क्विलच्या (स्पिंडलला धरून वर-खाली सरकणाऱ्या नळीच्या) खालच्या बेअरिंगपासून चकची उंची आणि अर्धा ड्रम धरला तर हा आडवा रेटा सव्वाशे-दीडशे मिमी लांब तरफेवर बसतो. त्याहून धोक्याची जागा म्हणजे चकचा टेपर. १३ मिमीच्या बऱ्याच बेंच ड्रिलमध्ये चक आट्यांवर बसवलेला नसतो. तो बी१६ या निमुळत्या टोकावर नुसता दाबून बसवलेला असतो. हे टोक जेमतेम २४ मिमी लांब आणि त्याचा उतार साधारण एकास वीस. भोक पाडताना प्रत्येक दाबाने ही पकड घट्ट होते. आडव्या हादऱ्यांनी मात्र ती थोडी थोडी सुटत जाते आणि एका क्षणी फिरता चक ड्रमसकट खाली येतो. टेपर सॉल्व्हंटने पुसून कोरडा करावा, चकचे जबडे पूर्ण आत घ्यावेत आणि लाकडी मोगरीने एक ठोका द्यावा, हा सल्ला बरोबर आहे. पण त्याने चक सुटायला थोडा अधिक वेळ लागेल, इतकेच.

आधारासाठी ६२०१ क्रमांकाचे, दोन्ही बाजूंनी बंद असलेले बेअरिंग घ्यावे. त्याचे आतले माप १२ मिमी, बाहेरचे ३२ आणि जाडी १० मिमी असते. दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानातही ते मिळते. ड्रममधून जाणारा दांडा १२ मिमीच्या ब्राइट बारचा (गुळगुळीत पोलादी सळईचा) घ्यावा. बाजारातला आटे पाडलेला स्टड स्वस्त पडतो, पण तो क्वचितच सरळ असतो. चकचे जबडे आट्यांच्या धारांवर नीट बसत नाहीत आणि बेअरिंगमध्ये तर तो खडखडतोच. ब्राइट बार नाममात्र मापापेक्षा किंचित बारीक असतो, त्यामुळे बेअरिंगच्या आत हाताने सरकतो. ते सरकणे आपल्याला हवेच आहे, कारण पुढे ड्रम वर-खाली करायचा आहे.

दांड्याची लांबी २०० मिमी ठेवावी. ३५ मिमी चकमध्ये जाईल, १० मिमी मोकळी राहील, ९० मिमीवर ड्रम बसेल आणि खाली साठ-पासष्ट मिमीचे शेपूट राहील. हे शेपूट आखूड ठेवण्याचा मोह होतो. पण ड्रम वर घेतला की आखूड शेपूट बेअरिंगमधून निसटते आणि आधार नाहीसा होतो.

आता बैठक. १८ मिमी प्लायची एक खोकी करावी. तळ, त्यावर ४० मिमी उंचीच्या बाजू आणि वर ड्रमपेक्षा ६ मिमी मोठे भोक असलेला कामाचा पाट. मागच्या बाजूला व्हॅक्यूमच्या नळीसाठी भोक ठेवावे. वरचा पाट स्क्रूने बसवावा, म्हणजे काढता येतो. खोकी टेबलाला पक्की करण्याआधी टेबल स्पिंडलशी काटकोनात आहे का ते तपासून घ्यावे. चकमध्ये इंग्रजी एल आकारात वाकवलेली जाड तार पकडावी, तिचे टोक टेबलाला जेमतेम टेकवावे आणि चक हाताने फिरवावा. चारही बाजूंना फट सारखी दिसली पाहिजे. इथे आळस केला तर पुढे प्रत्येक घासलेली कड तिरकी येते आणि दोष पेपरला दिला जातो.

यानंतर कामाचा क्रम बदलू नये. तळ दोन बोल्टने टेबलाच्या खाचांतून घट्ट आवळावा. चकमध्ये ३२ मिमीचा फॉर्स्टनर बिट (सपाट तळाचे भोक पाडणारा) लावून सर्वांत कमी वेगावर बरोबर १० मिमी खोल खळगा पाडावा. काहीही न हलवता त्याच केंद्रावर २० मिमीचा बिट आरपार न्यावा. या दुसऱ्या भोकाचे काम दुहेरी आहे. दांडा त्यातून टेबलाच्या मधल्या भोकात उतरतो आणि बेअरिंगची आतली कडी लाकडाला घासत नाही. खळगा आणि ड्रम एकाच स्पिंडलवरून आल्यामुळे बेअरिंग आपोआप रेषेत बसते. पट्टीने मापून, वेगळ्या मशीनवर पाडलेला खळगा अर्धा मिमी जरी सरकला तरी दांडा अडकतो, ड्रम थरथरतो आणि बेअरिंग तापते. बेअरिंग खळग्यात सैल वाटले तर बाहेरच्या कडीवर कागदी टेपचा एक वेढा पुरतो.

गोल खांबाच्या ड्रिलमध्ये टेबल वर-खाली केले की ते थोडे फिरतेच. म्हणून बैठक एकदा बसल्यावर टेबलाला हात लावू नये, ड्रमची उंची क्विलने बदलावी. क्विल बाहेर काढली की ती लवचिक होते, हे खरे. पण खालचे टोक बेअरिंगमध्ये असल्याने ती लवचिकता इथे फारशी जाणवत नाही. वरील मापांत ड्रम सुमारे ४० मिमी वर-खाली होतो, म्हणजे एकाच पेपरच्या तीन पट्ट्या तरी वापरता येतात. क्विलला अडकवायची कळ नसेल तर खोलीच्या थांब्याचे नट खालून-वरून आवळून ती जागेवर धरावी. क्विलची स्प्रिंग ड्रमला कायम वर ओढत असते, तिच्या भरवशावर राहू नये.

ड्रमसाठी ६४ मिमीच्या होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) १८ मिमी प्लायच्या पाच चकत्या काढाव्यात. होल सॉचे माप बाहेरचे असते, त्यामुळे चकती साधारण ६० मिमीची निघते. चकत्यांतले पायलट भोक प्रत्येकीत वेगवेगळे १२ मिमी करून घ्यावे. पाचही चिकटवून मग एकच लांब भोक पाडायला गेलात तर बिट हमखास भरकटतो. चकत्यांमध्ये फेविकॉल, दांड्यावर मात्र एमरीने खरवडून हळू सुकणारे अराल्डाइट. झटपट सुकणारे तितके उष्णता सोसत नाही आणि घासताना ड्रम तापतोच. शिकंज्यात दाबून पूर्ण दिवस ठेवावे.

सुकल्यावर ड्रम मशीनवर चढवावा, शेपूट बेअरिंगमध्ये घालावे आणि मगच त्याला गोल करावे. काटकोनी ठोकळ्याला ६० नंबरचा पेपर चिकटवून ठोकळा पाटाला क्लॅम्प करावा आणि प्रत्येक फेरीला केसभर पुढे सरकवत न्यावा. ड्रमवर आधी पेन्सिलीच्या रेघा ओढल्या तर उंचवटे कुठे आहेत ते कळते. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की ड्रम गोल झाला. तोवर व्यास ५८ मिमीच्या आसपास आलेला असतो.

पेपर लावण्याचे दोन मार्ग आहेत आणि आमची पसंती खाचेला आहे. ड्रमच्या पूर्ण उंचीची, ४ मिमी रुंद आणि १२ मिमी खोल खाच करवतीने दोन काप देऊन आणि पटाशीने साफ करून करावी. खाचेच्या वरच्या कडा काचपेपरने गोल कराव्यात, नाहीतर पेपर तिथेच तडकतो. ५८ मिमीच्या ड्रमचा परीघ १८२ मिमी येतो. दोन्ही टोके खाचेत वळवायला बारा-बारा मिमी धरून २०६ मिमी लांब आणि ९० मिमी रुंद तुकडा कापावा. कापड-पाठीचा, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचाच घ्यावा. कागदी पाठीचा पेपर खाचेच्या कडेवर फाटतो. टोके आत घालून बांबूची निमुळती पाचर वरून ठोकावी आणि ती पृष्ठभागाच्या मिमीभर आत राहील असे पाहावे. पेपर सैल राहिला तर खाचेपाशी फुगवटा येतो. मिनिटाला १४४० फेऱ्यांवर तो सेकंदाला २४ वेळा लाकडावर आपटतो आणि कडेवर मिमी-मिमीच्या अंतराने उभ्या रेघा उमटतात. पुष्कळ जण त्या रेघांचे खापर मशीनच्या बेअरिंगवर फोडतात.

दुसरा मार्ग म्हणजे अरुंद पट्टी कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्हने नागमोडी न जाता तिरकी, दोरी गुंडाळावी तशी चिकटवणे. यात फुगवटा राहत नाही, पण पेपर बदलताना हीट गन लागते आणि दर वेळी जुना गोंद खरवडावा लागतो. वेल्क्रोने पेपर लावू नये. त्याचा थर दबतो आणि लाकडाच्या कडा गोलावतात.

वेगाचा हिशेब सोपा आहे. ५८ मिमीचा ड्रम १४४० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे २६२ मीटर पेपर लाकडावरून नेतो. २५ मिमीचा ड्रम तेवढ्याच फेऱ्यांवर ११३ मीटर. म्हणून लहान ड्रमला पट्टा वरच्या पुलीवर न्यावा, मोठ्याला मधल्या पुलीवर ठेवावा. लहान ड्रमसाठी प्लायच्या चकत्या करू नयेत, १२ मिमी दांड्यावर जाड भिंतीची रबरी नळी घट्ट चढवून त्यावर पेपर लावला की काम होते. दांडा तोच राहिल्याने खालचे बेअरिंगही तेच चालते. वरच्या पाटातल्या भोकासाठी प्रत्येक ड्रमच्या मापाची वेगळी कडी करून ठेवावी. ड्रमभोवती मोठी फट राहिली तर लहान तुकडा त्यात खेचला जातो आणि त्यामागून बोट.

लाकूड कोणत्या दिशेने न्यायचे, हा भाग सर्वांत जास्त चुकतो. ड्रिल वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. म्हणजे आपल्या बाजूला पेपर उजवीकडून डावीकडे धावतो. लाकूड त्याच्या विरुद्ध, डावीकडून उजवीकडे न्यावे. राउटर टेबलावर काम केलेल्या माणसाच्या हाताला नेमकी उलटी सवय असते, त्याने विशेष जपावे. ड्रमपासून ठरावीक अंतरावर आधाराची सरळ पट्टी लावून बारीक फळ्यांची जाडी एकसारखी करायची असेल तर हाच नियम अधिक कडकपणे पाळावा. पट्टी आणि ड्रम यांच्यामध्ये लाकूड पेपरच्या दिशेने घातले तर ते हातातून सुटून समोर उडते.

सागवान घासताना पेपर लवकर भरतो, कारण त्यात तेल असते. तेव्हा जास्त दाबल्याने फक्त काळे डाग पडतात. विरळ दाण्याचा पेपर घ्यावा आणि भरलेला पेपर क्रेप रबराच्या तुकड्याने चालू मशीनवरच साफ करावा. जुन्या चपलेचा क्रेपचा तळवाही चालतो. आधी ८० नंबर, मग १२०. एकदम १२० ने सुरुवात केली तर करवतीच्या खुणा जात नाहीत, चकाकतात तेवढ्या. हातमोजे घालू नयेत, ओढणी आणि सैल बाह्या आवराव्यात.

भुशाबद्दल दोन शब्द, कारण या कामात तो अतिशय बारीक निघतो. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले आहे. एमडीएफमध्ये (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीत) फॉर्माल्डिहाइडचा राळही असतो. रुमाल बांधून भागत नाही, आयएस ९४७३ या भारतीय मानकाप्रमाणे एफएफपी२ दर्जाचा मास्क लावावा आणि खोकीला व्हॅक्यूम जोडूनच मशीन चालू करावी. ड्रिलची मोटर बहुधा उघड्या झरोक्यांची असते, आत साचलेला भुसा काम संपल्यावर प्लग काढून हवेने उडवावा. याच ड्रमवर लोखंड घासायचा मोह झाला तर व्हॅक्यूमची पिशवी आधी रिकामी करावी. लाकडाच्या भुशात पडलेली एक ठिणगी बराच वेळ धुमसते आणि पिशवी रात्री, कोणी नसताना पेट घेते.

आपला,
सुतारकामाचा एक प्रशिक्षक, कोल्हापूर