रेणूस पत्र

औसा,
रविवार, पहाटे

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

येळवशीच्या सणाला तू रानातून तशीच निघून गेलीस. कोपीतली पूजा झाली होती, पंगत बसली होती, तुझ्या हातात आंबिलीचा तांब्या होता. सुनीच्या पोरानं सहज बोलल्यासारखं सांगितलं, "ताईची इंग्रजीची परीक्षा गेली की, दोन महिने झाले." आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "आम्ही परके आहोत का?" तू तांब्या खाली ठेवलास. संध्याकाळी लातूरहून ट्रॅव्हल्स धरलीस. तुझ्या आईनं भज्जी आणि उंड्यांचा डबा भरून ठेवला होता, तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तिनं तो गाईपुढं ठेवला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

फोनवर मला नीट बोलता येत नाही. आवाज चढतो, मग तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहितोय. निकालाबद्दल काही विचारायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

बंडूनं मला तुझे आयईएलटीएसचे, त्या इंग्रजीच्या परीक्षेचे, नऊपैकीचे आकडे दाखवले. त्याच्यावर चिडू नकोस, मीच मागे लागलो. लिसनिंग साडेसात, स्पीकिंग सात, रायटिंग साडेसहा, रीडिंग सहा. इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये साडेसहा चालतात, बाकी तिन्हीत सात लागतात, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे तीन दारं उघडली आणि एक अडलं. रात्रपाळी करून, वॉर्डातून येऊन, कुणाचा क्लास न लावता. हे तू आम्हाला दोन महिने सांगितलं नाहीस. असो. विचारणार नाही म्हणालो ना.

मी काय केलं ते सांगतो. बंडूकडून रीडिंगचा एक सरावाचा पेपर छापून आणवला आणि दुपारी ओसरीवर घड्याळ लावून बसलो. ६० मिनिटं, तीन उतारे, ४० प्रश्न. पहिला उतारा मधमाश्यांवरचा होता. मला वाटलं, हे तर आपल्या रानातलंच आहे. पण वेळ संपली तेव्हा मी दुसऱ्या उताऱ्याच्या मध्यावर होतो आणि माझी ११ उत्तरं बरोबर होती. ४० पैकी साधारण २३ आली की सहा आणि ३० आली की सात, असा हिशोब असतो म्हणे. म्हणजे तुझं अडलंय ते फार तर सात उत्तरांवर. दिवसभर त्याच आकड्याचा विचार करत होतो.

आणि पेपर सोडवताना मला एक गोष्ट दिसली, ती सांगण्यासाठीच खरं तर हे पत्र. न कळलेला शब्द आला की मी थांबत होतो. पेन खाली ठेवायचं, शब्द तोंडात घोळवायचा, अर्थ आठवायचा, नाही आठवला की डिक्शनरीकडं हात जायचा. एका ओळीत चार वेळा. तूही अशीच थांबत असणार. कारण तुला ते मी शिकवलंय. शब्द, स्पेलिंग, अर्थ. रोज दहा. चुकला की पाच वेळा लिही. चौथीत असल्यापासून त्या काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत.

मी असं का शिकवलं ते तुला कधी सांगितलं नाही. लपवण्यात मीही काही कमी नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मी तेव्हा तुझ्याच वयाचा होतो, २७ वर्षांचा. माझी शाळा किल्लारीच्या बाजूलाच. पुढं आठवडाभर काय पाहिलं ते लिहीत नाही, तुझ्या आईलाही मी सगळं सांगितलेलं नाही. बाहेरच्या देशातून मदतीला माणसं आली होती. एका पत्र्याच्या शेडमध्ये दवाखाना मांडला होता, आणि तिथं कुणीतरी मला पुढं केलं, "हे मास्तर आहेत, यांना इंग्रजी येतं." एक गोरी नर्स होती. तिच्यासमोर आमच्या शाळेतल्या एका पोरीची आई बसली होती. तिचा हात भिंतीखालून काढला होता. ती नर्स त्या बाईची बोटं एकेक करून दाबायची आणि मला विचारायची, "नम? नम?" मला तो शब्द माहीत नव्हता. मला वाटलं, नंबर विचारतेय. मी बाईला घर नंबर विचारला. ती माझ्याकडं बघतच राहिली. तिचं घर उरलं नव्हतं.

नर्सनं मग स्वतःच्या हातावर चापट मारून, डोळे मिटून, मान हलवून दाखवलं, तेव्हा मला कळलं. बधिर. बोटं बधिर झालीत का, एवढंच ती विचारत होती. घरी आल्यावर मी डिक्शनरीत शोधलं. एन यू एम बी. तुझ्या काळ्या वहीत पहिल्या पानावर पहिला शब्द तोच आहे. तू विचारलं होतंस, "अण्णा, शेवटचा बी बोलत का नाही?" मी म्हणालो होतो, काही अक्षरं असतात पण बोलत नाहीत, ती लिहायची विसरायची नाहीत.

त्या दिवसापासून माझ्या मनात हेच बसलं, की एक शब्द आला नाही तर माणूस अडतो. ते खरं आहे, पण दवाखान्यात. उताऱ्यात ते खरं नाही. उताऱ्यात एक शब्द आला नाही तर पुढची ओळ सांगते. आबा तसेच वाचायचे. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून सुरू झाली. १९४८ ला राज्य गेलं तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, एकदम मराठीतून शिकायची वेळ आली. म्हातारपणीही पेपर वाचताना बोट ओळीवर असायचं, पण बोट थांबायचं नाही. मी विचारायचो, या शब्दाचा अर्थ काय? ते म्हणायचे, "पुढं चल, पुढं गेलं की मागचं उमगतंय." मी मास्तर झालो आणि त्यांचं हे विसरलो.

तू नर्स आहेस. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं जमतं, फक्त तू ते वॉर्डात वापरतेस. नवीन रोगाचं नाव आलं तर तू अडत नाहीस. शेवटी 'आयटिस' दिसलं की सूज. हायपोग्लायसेमिया म्हटलं की हायपो म्हणजे कमी, मधे साखर, शेवटी रक्त. उताऱ्यातला शब्दही तसाच फोडायचा. पुढं काय लागलंय, मागं काय लागलंय, वाक्य बरं म्हणतंय की वाईट. तेवढ्यावर पुढं जायचं.

मोठे शब्द तुला अडवत नसणार. अडवतात ते बारके. हार्डली, सेल्डम, मिअरली, अनलेस. 'हार्डली'त 'हार्ड' दिसतं म्हणून आपण कष्टानं असा अर्थ लावतो, आणि तिथं तर जवळजवळ नाहीच असं म्हटलेलं असतं. वाक्य उलटं होतं. हे बारके शब्द वेगळ्या पानावर लिही, आणि नुसता अर्थ लिहू नकोस, ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिही. न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड नावाच्या बाईंनी अभ्यासाच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली आहे. कुळं म्हणजे ॲनलाइज, ॲनालिसिस, ॲनालिटिकल हे एकच घर. आपल्या 'कृ' धातूचं कर्ता, कर्म, कार्य, कृती होतं तसं. ती यादी २००० सालची. त्याच साली आपल्याकडं पहिलीपासून इंग्रजी आलं आणि मी पोरांना ए फॉर ॲपल शिकवायला लागलो. तेव्हा ती यादी हाती असती तर तुझी वही वेगळी झाली असती.

आणि प्रश्नात शब्द बदलून येतात, तिथं दचकू नकोस. उताऱ्यात एक शब्द, प्रश्नात त्याचा भाऊ. आपण पावसाचं कसं बोलतो? ओढ दिली, दडी मारली, पाठ फिरवली, खंड पडला, हस्त कोरडा गेला. शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावं लागतं का, की हे सगळं एकच आहे म्हणून? तसा इंग्रजीचा कान व्हायला रोज थोडं वाचावं लागतं. एक अग्रलेख, वीस मिनिटं. पहिल्यांदा डिक्शनरी न उघडता. दुसऱ्यांदा फक्त तीन शब्द शोधायचे, चौथा नाही. तिसऱ्या दिवशी तेच तीन पुन्हा आठवायचे, मग आठवड्यानं. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी सोडायची नाही. आणि पहाटे तीनला ड्युटीवर खुर्चीत बसून अभ्यास करायचा नाही, त्यानं काही...

बघ, फळ्यासमोर उभा राहिल्यासारखं लिहायला लागलो. तू सात वर्षं आजारी माणसांना सांभाळतेस आणि मी तुला झोपायचं कधी ते शिकवतोय. माफ कर. हे सगळं तुला माहीत असेल. नको असेल ते सोडून दे.

त्या पेपरातला एक प्रकार मात्र मला फार अवघड गेला. ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन. मजकुरात आहे, मजकुराच्या उलट आहे, की मजकुरात ते सांगितलेलंच नाही. बहुतेक 'नॉट गिव्हन' मी चुकवले. जे लिहिलेलं नाही ते मी माझ्या मनानं भरत गेलो. आणि मग पेपर बाजूला ठेवून बसलो. कारण तुझ्या बाबतीतही माझं तेच होतं, रेणू. तू काही सांगत नाहीस तेव्हा तिथं काहीच लिहिलेलं नसतं, आणि मी रात्रभर भरत बसतो. दोन महिने तू दर रविवारी फोनवर "सगळं ठीक" म्हणत होतीस. आता मागं वळून प्रत्येक रविवार आठवतो. तेव्हा तू रडून फोन केला होतास का? जेवली होतीस का? खोलीत एकटी होतीस का?

कोपऱ्यावरच्या घरातल्या त्या पोराचाही निकाल घरात कुणाला माहीत नव्हता. त्याच्या बापाबरोबर मी अजून रोज सकाळी चालायला जातो. आम्ही काही बोलत नाही. यापुढं लिहवत नाही.

म्हणून त्या दिवशी माझा आवाज चढला. राग नव्हता तो. पण पंगतीसमोर बोलायला नको होतं, ते चुकलंच. तुझ्या आईनं मला एवढंच विचारलं, "लेकरू का लपवतंय, ह्याचा इचार केलाव का कधी?" केला. काळ्या वहीत चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारायचो मी. दहापैकी नऊ आले तरी आधी दहावा विचारायचो. बंडूनं आकडे दाखवले तेव्हाही माझी नजर आधी सहावर गेली, साडेसातवर नंतर. अशा बापाला पोरगी सहा कसे सांगणार?

तुझं लिसनिंग साडेसात आलंय, हे मी काल पोस्टात, दुधाच्या डेअरीवर आणि हेडमास्तरांच्या घरी जाऊन सांगून आलो. रीडिंगचंही सांगितलं. कुणी काही म्हणालं नाही. डेअरीवाल्यानं विचारलं, पुन्हा कधी आहे?

फीची काळजी करू नकोस. सोयाबीन दिलंय, त्यातले बाजूला काढलेत. आणि गेलीस इंग्लंडला तर आम्ही इथं कसे राहू, हा विचार तू करायचा नाही. तो मी रोज करतो, तेवढा पुरे आहे.

तुझी अण्णांना सांगायची तयारी नसली तर आईला सांग. आईलाही नाही तर बंडूला. पण कुणाला तरी त्याच दिवशी सांग. पुन्हा पुन्हा तेच लिहितोय, कळतंय मला.

गुरुवारी हेडमास्तरांचा मुलगा पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि येसर पाठवतोय. काळी वहीही पाठवणार होतो, पण तुझी आई म्हणाली, नको. ती कपाटातच ठेवली आहे.

तुझे,
अण्णा

ता. क. पेपर कधी आहे ते कळव. त्या दिवशी आणि निकालाच्या दिवशीही मी रानात जाणार नाही, तिथं रेंज नसते. घरीच असेन.