नाराच्या हरणांना चपाती-चिवडा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जपान सहलीवर पानभर मजकूर आला होता, आमच्या सासऱ्यांनी त्याचा फोटो साताऱ्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "यातलं हरणांचं वाच आणि पेपरवाल्यांना कळव." म्हणून हे पत्र. मी ओसाकात राहते, नवरा इथे नोकरीला, लेक इथल्याच शाळेत. पान बाकी छान होतं, बुलेट ट्रेन, फुजी, शाकाहारी जेवण कुठे मिळेल वगैरे सगळं होतं, पण नारा शहराच्या वाट्याला तीनच ओळी आणि त्यात काय तर माणसाळलेली हरणं, मुलांना हाताने खाऊ भरवायला धमाल, दीड तास पुरे. या असल्या ओळी वाचून आपली माणसं तिथे काय करतात ते मी बघितलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

सासू-सासरे आमच्याकडे आले होते तेव्हा एप्रिलच्या शेवटी आम्ही सगळे नाराला गेलो होतो. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून किन्तेत्सू लाईनची गाडी पकडली की चाळीस मिनिटांत नारा, आणि स्टेशनमधून बाहेर पडून थोडं चाललं की हरणं सुरूच. कुंपण नाही, गेट नाही, तिकीट नाही. फुटपाथवर बसलेली, देवळाच्या पायरीवर रवंथ करणारी, रस्ता ओलांडायला गाड्यांच्या मधे शांतपणे उभी. लेकीला प्राणीसंग्रहालय बघायची सवय, ती आधी विचारायला लागली की यांचा पिंजरा कुठंय. तर नाहीये पिंजरा. आजूबाजूला मिळून तेराशेच्या वर हरणं आहेत आणि ती कुणाच्या मालकीची नाहीत, कायद्याने जंगली जनावरं आहेत. १९५७ साली त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केलं, म्हणजे तेव्हापासून सरकारी संरक्षण आहे पण मालक नाही. ती माणसाला घाबरत नाहीत हे खरं, पण न घाबरणं वेगळं आणि माणसाळलेलं असणं वेगळं. ही हरणं फिरतात त्या नारा पार्कात जागोजागी पाट्या आहेत, त्यावर चित्रंच काढलीयेत, हरीण चावतं, लाथ मारतं, ढुशी देतं, पाडतं. इंग्रजीतही लिहिलंय. त्या पाटीसमोर उभं राहून लोक सेल्फी काढतात आणि पुढे जाऊन नेमकं तेच करतात.

सासूबाईंनी सकाळी चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून घेतली होती, प्रवास म्हटलं की डबा हा नियम जपानातही मोडायचा नाही. पहिलं हरीण जवळ आल्यावर त्यांचा हात पिशवीत गेलाच. मी म्हटलं आई, नाही चालत इथे. तर म्हणाल्या, "अगं मुकं जनावर दारात आल्यासारखं आलंय, एक घास दिला तर काय होतंय? घरी पहिली चपाती गाईची असते ना?" आता यावर सून म्हणून काय बोलणार. पण मी सांगितलं जेवढं मला ठाऊक होतं तेवढं. ही हरणं पार्कातलं गवत, झाडाचा पाला, साल, शरदात पडलेली ओकची फळं असलं खातात आणि त्यांचं पोट त्यालाच सरावलेलं असतं. मीठ, तेल, साखर, मैदा त्यांच्या पोटात गेला की पचन बिघडतं. द्यायचंच असेल तर तिथे शिका सेंबेई म्हणून पातळ गोल बिस्किटं मिळतात, तांदळाचा कोंडा आणि गव्हाचं पीठ एवढंच असतं त्यात, साखर अजिबात नाही. दहाचा गठ्ठा, दोनशे येन. त्याला बांधलेली कागदाची पट्टीसुद्धा अशी की हरणाने खाल्ली तरी अपाय नको, आणि त्या पट्टीचे पैसे हरणांची देखभाल करणाऱ्या संस्थेला जातात. सासऱ्यांना हे फार आवडलं. सासूबाई म्हणाल्या कोंडाच द्यायचा तर तो काय घास. पण घेतला त्यांनी गठ्ठा.

गंमत अशी की दुकानात हे गठ्ठे उघड्यावर रचलेले असतात आणि हरणं शेजारी उभी असूनही त्यावर तुटून पडत नाहीत, पैसे देऊन गठ्ठा तुमच्या हातात आला की मात्र चारी बाजूंनी येतात. मान खाली-वर करतात, लोक म्हणतात बघा जपानी हरणं पण वाकून नमस्कार करतात. खाऊ मिळवायची ती शिकलेली युक्ती आहे, आणि तुम्ही नुसतं दाखवून हात मागे घेत राहिलात तर तेच मान हलवणं वैतागाचं असतं, पुढची पायरी चावा. म्हणून पटापट देऊन टाकायचं आणि दोन्ही तळवे उघडे करून दाखवायचे, संपलं म्हणून. ते कळतं त्यांना, बहुतेक निघून जातात. एकाने मात्र सासूबाईंचा पदर तोंडात धरला आणि सोडेचना, सासरे एका बाजूने पदर ओढतायत, लेक हसून खाली बसलीये. पदराचं टोक चघळलेलं परत मिळालं.

इथपर्यंत सगळं मजेचं. पुढे एक मोठा मराठी ग्रुप भेटला, टोप्यांवरून टूरचा होता हे कळत होतं, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष एकाच कंपनीचा नाही. आपली भाषा ऐकू आली म्हणून आम्ही खूश होऊन जवळ गेलो तर दोन काका प्लास्टिकच्या पिशवीतून चिवडा काढून हरणांना घालत होते, एक ताई गुळपोळीचे तुकडे, आणि मुलं वेफर्सचं पाकीटच पुढे धरत होती, त्यातलं एक पाकीट हरणाने ओढून नेलं. त्यांच्याबरोबरचा टूर मॅनेजर जवळच उभा राहून घड्याळ बघत होता. मी काकांना म्हटलं अहो काका नका देऊ, तर म्हणाले, "काय होत नाही हो, बघा किती आवडीनं खातायत." आवडीनं तर खाणारच, मीठ आहे त्यात.

आणि त्या पाकिटाचं पुढे काय होतं ते सांगते. २०१९ साली इथे मेलेल्या हरणांची तपासणी केली तेव्हा बऱ्याच जणांच्या पोटात प्लास्टिक निघालं होतं, एकाच्या पोटात तर ४.३ किलोचा गोळा. पिशवीला खाण्याचा वास असतो म्हणून हरीण ती पिशवीच गिळतं. रवंथ करणारं जनावर, प्लास्टिक पहिल्या पोटात अडकून बसतं, पुढे जात नाही बाहेर येत नाही, पोट भरल्यासारखं वाटतं आणि जनावर भुकेनं खंगून मरतं. आपल्याकडे शहरातल्या गाईंच्या पोटातून काय निघतं ते तुमच्याच पेपरात छापून येतं, ते वाचून हळहळणारी हीच माणसं असणार. त्या घटनेनंतर नारातल्या उद्योगांनी मिळून तांदळाचा कोंडा आणि दुधाच्या खोक्यांचा कागद वापरून एक कागद काढला, त्याच्या पिशव्या काही ठिकाणी मिळतात, हरणाने खाल्ल्या तरी निभावतं. म्हणजे तिथले लोक पिशवीचा कागद बदलण्यापर्यंत गेले आणि आपण चिवड्याची पिशवी तोंडासमोर धरायची.

हरणांनंतर तो ग्रुप तोदाईजी या बौद्ध मंदिरातला मोठा बुद्ध बघून बसकडे पळाला. बुद्ध बघावाच, त्याबद्दल तक्रार नाही, सासऱ्यांना तर तिथली एक गोष्ट ऐकून कोण अभिमान, की ७५२ साली त्या मूर्तीचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा केली ती भारतातून आलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. पण कासुगा ताईशा राहिलं ना. हे शिंतो (जपानचा मूळ धर्म) देऊळ सोडून हरणं बघणं म्हणजे अर्धीच गोष्ट ऐकणं, कारण हरणं तिथे आहेत तीच मुळी या देवळामुळे.

कथा अशी सांगतात की ताकेमिकाझुची नावाचा देव लांब पूर्वेकडच्या काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून इथल्या मिकासा डोंगरावर आला. ७६८ साली देऊळ उभं राहिलं, फुजिवारा या त्या काळच्या बड्या घराण्याचं कुलदैवतच ते, आणि हरणं झाली देवाची सेवक. जुन्या काळी हरीण मारणाऱ्याला देहदंड होता. नाराची माणसं भल्या पहाटे उठतात त्यावर एक किस्सा सांगतात, सकाळी उठून आधी दारात मेलेलं हरीण नाही ना बघायचं, असलंच तर शेजारी जागा व्हायच्या आत त्याच्या दारात सरकवायचं! खरं-खोटं देव जाणे, पण सासरे अजून तो किस्सा गावात सांगत फिरतायत.

देवळामागचा डोंगर तर मला जास्तच भावला. ८४१ सालापासून तिथे झाड तोडायला आणि शिकार करायला बंदी आहे. आपल्याकडची देवराई जशी, देवाचं रान म्हणून कुऱ्हाड लावायची नाही, तसंच, फक्त हे शहराला लागून. आज ते जंगल जागतिक वारशात आहे. आणि २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी हरणांच्या डीएनएचा अभ्यास करून सांगितलं की नाराची हरणं आसपासच्या हरणांपेक्षा वेगळा वंश राखून आहेत, हजार वर्षांहून जास्त काळ. बाजूच्या डोंगरांतली हरणं शिकारीत संपत गेली, देवाच्या आसऱ्याला होती ती टिकली. तरी दुसऱ्या महायुद्धानंतर इतके हाल झाले की फक्त ७९ उरली होती. तिथून आजचे तेराशे. सगळं गोडगोड आहे असंही नाही, आजूबाजूचे शेतकरी हरणांनी पीक खाल्लं म्हणून वैतागलेले असतात आणि पार्कापासून लांबच्या भागात २०१७ पासून ठरावीक संख्येत हरणं मारायची परवानगी आहे. आपल्या रानडुकरांवाल्या शेतकऱ्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

देवळापर्यंतची वाट किलोमीटरभराहून लांब आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांची मला काळजी होती पण चढ अगदी हळू आहे आणि दोन्ही बाजूला दगडी दिवे, शेवाळ चढलेले, त्यांच्या मधून हरणं डोकं काढून बघतायत. दगडाचे दोन हजार आणि आत टांगलेले धातूचे हजार, असे मिळून तीनेक हजार दिवे आहेत, शेकडो वर्षांत भाविकांनी दिलेले. सगळे एकदम लावतात ते फेब्रुवारीत सेत्सुबुनला, म्हणजे वसंत सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच्या सणाला, आणि ऑगस्टमध्ये १४-१५ तारखेला. एरवीसाठी आत एक अंधारी खोली आहे, तिथे काही दिवे पेटवून ठेवलेले असतात, तिथे लेक पहिल्यांदा दिवसभरात गप्प झाली. बाहेरून नमस्कार फुकट, आतल्या भागात जायला तिकीट, देवळात तिकीट म्हटल्यावर सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण आत गेल्यावर विस्टेरियाच्या जुन्या वेलीला जांभळ्या फुलांचे घोस लोंबत होते, ते बघून पैसे वसूल म्हणाले. रीत म्हणजे आधी हात धुवायचे, तोंड खळाळायचं, नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. मूर्ती दिसत नाही, सासूबाईंनी विचारलं नेमकं कुणाकडे बघून हात जोडायचे, मी म्हटलं समोर. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शिवाय आपला डोकं टेकवून नमस्कारही केला, कुणी काही म्हटलं नाही. लेकीने तोंडात चिठ्ठी धरलेलं छोटं हरीण घेतलं, भविष्याची चिठ्ठी असते ती, तिचं काय निघालं ते तिने आम्हाला सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी टूरवाल्यांनी तरी समजून घ्यावी. परदेशी पर्यटक नाराच्या हरणांना लाथा मारतात हा विषय जपानात २०२५ मध्ये थेट निवडणुकीच्या भाषणात आला, सानाए ताकाइची या नेत्या मूळच्या नाराच्याच, सत्ताधारी पक्षाच्या नेतेपदाच्या प्रचारात त्या हे बोलल्या आणि पुढे पंतप्रधान झाल्या. त्यावर इथे बराच वाद झाला, किती खरं किती फुगवलेलं वगैरे. तो वाद बाजूला ठेवू, पण असं वारं असताना चिवड्याची पिशवी घेऊन उभा असलेला माणूस जपानी माणसाला कोल्हापूरचा आणि नाशिकचा दिसत नाही, परदेशी दिसतो. आम्ही इथे राहणारे, शेजाऱ्यांकडून ते आम्हाला ऐकावं लागतं. समोर बोलत नाहीत ते, हसतात फक्त.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी जपानचं पान काढाल तेव्हा नारासाठी एक चौकट टाका. दीड तास नाही, निदान अर्धा दिवस, कासुगा ताईशा धरून. हरणांना सेंबेईशिवाय काही नाही, चपाती, लाडू, खाकरा, बिस्कीट काहीच नाही. कागद, नकाशा, तिकीट, पिशवी हातात लोंबकळत ठेवायची नाही, आणि कचऱ्याचा डबा शोधत बसू नका, क्वचितच मिळतो, आपला कचरा आपल्याच बॅगेत घालून हॉटेलवर न्यायचा. मे ते जुलै पिल्लांचे दिवस, गवतात एकटं पिल्लू दिसलं तरी हात लावायचा नाही, आई जवळपासच असते आणि धावून येते. सप्टेंबर ते नोव्हेंबर नर माजावर असतात, लहान मुलांना हात धरून चालवा. दिवाळीच्या सुट्टीतल्या टूर नेमक्या याच काळात येतात, म्हणून हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरात छापलंत तर बरं.

आपली एक वाचक,
ओसाका (मूळ सातारा)

ता.क. आमच्या चपात्या-भाजीचं काय झालं असं सासरे लिहायला सांगतायत. परतीच्या आधी स्टेशनजवळ, हरणांपासून लांब बसून खाल्ल्या.