ताई, त्या आधी लिहून काढलेल्या रेंजबद्दल थँक्यू

ताई, हे सगळ्यांसमोर लिहितोय कारण मेसेजवर थँक्यू म्हटलं की तू अंगठा पाठवून विषय संपवतेस.

लो स्टेक्सचं (छोट्या रकमांचं) ऑनलाइन पोकर खेळणाऱ्या आम्हा सगळ्यांना पॉट ऑड्स येतात गं, म्हणजे कॉल (समोरच्याएवढे पैसे टाकणं) परवडतो का ते गणित. अर्ध्या पॉटची (टेबलावर जमलेल्या पैशांच्या निम्मी) बेट आली तर 25 टक्के इक्विटी, म्हणजे जिंकायची शक्यता, लागते, पूर्ण पॉटची आली तर 33, हे कुणीही सांगेल. कॉम्बो, म्हणजे एखादा हात किती प्रकारे बनतो, ते पण येतात, पेअरचे 6, एक्का-राजाचे 16, त्यातला एक एक्का माझ्याकडे असला की 12. तू शिकवलंस ते वेगळंच होतं. कुठलाही हँड (खेळलेला डाव) पाठवला आणि "कॉल बरोबर होता का" विचारलं की तुझं एकच उत्तर, आधी समोरच्याची रेंज (त्याच्याकडे असू शकतील ते सगळे हात) लिही, मग कॅल्क्युलेटर उघड. उलट केलं तर तू हँड बघायचीच नाहीस. तेव्हा हा खडूसपणा वाटायचा, पण त्यातली मेख हीच आहे की कॉल करायची खाज असली की माणूस समोरच्याच्या रेंजमध्ये गुपचूप ब्लफ (काही न लागता केलेल्या बेट) भरत जातो, आणि मग गणित एकदम बरोबर येतं, फक्त ते आपल्याला हव्या त्या माणसाचं असतं, समोर बसलेल्याचं नाही.

तो राजा-राणीवाला हँड आठवतो का? माझ्याकडे दोन्ही बदाम, फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन समाईक पत्ते) इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट तिर्री, टर्न (चौथा) बदाम सत्ती, रिव्हर (पाचवा, शेवटचा) किलवर दुर्री. दोन स्ट्रीट (बेटिंगच्या फेऱ्या) नुसता कॉल करणारा पॅसिव्ह प्लेयर रिव्हरला स्वतःहून पॉटएवढं ठोकतो. तू मोजायला लावलंस: एक्का-राजा 8, नव्वी, सत्ती, तिर्रीचे सेट (तीन सारखे पत्ते) मिळून 9, राजा-नव्वी 6, म्हणजे 23 कॉम्बो मला मारतात. मला 33 टक्के हवेत, म्हणजे त्याच्याकडे किमान 12 ब्लफ पाहिजेत. फसलेले इस्पिक ड्रॉ (पाच इस्पिक जमवायला निघालेले, पण न जमलेले हात) कागदावर भरपूर निघतात, पण तू विचारलंस, हा माणूस त्यातले 12 पॉटएवढे ठोकतो का, की बेट न लावता चेक करून सोडून देतो? झालं. टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी) असूनही फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून दिले, आणि दुःखही नाही. सॉल्व्हर (आदर्श खेळ मोजून काढणारं सॉफ्टवेअर) तिथे कदाचित कॉल करायला सांगेल, पण तो समोर पुरेसे ब्लफ करणारा खेळाडू धरून चालतो, आणि आमच्या टेबलांवर असा क्वचितच भेटतो (भेटला तर मी उठून दुसरं टेबल धरतो).

आणि फ्लश ड्रॉचं (एकाच चिन्हाचे पाच पत्ते व्हायला एक कमी) ते 35 टक्के! नऊ आउट्स (हवे असलेले उरलेले पत्ते), चारने गुणा, 36, चला कॉल, हे सगळे करतात. तू म्हणालीस ते 35 दोन्ही पत्ते बघायला मिळाले तरच, म्हणजे ऑल-इन (सगळे पैसे आधीच पणाला) असेल तर. टर्नला तो परत मोठी बेट करणार असेल तर आत्ता हातात एका पत्त्याचे 19 टक्केच आहेत, बाकीचं लागल्यावर तो किती पैसे देईल त्यावर. शिवाय रेक (साइटचं कमिशन) कापला जातो तो वेगळाच, त्यामुळे अगदी काठावरचे कॉल मी आता सोडूनच देतो.

माझ्या राण्यांच्या पेअरसमोर ऑल-इन आला तेव्हाही हेच. रेंज एक्के, राजे आणि एक्का-राजा एवढीच धरली तर राण्यांना जेमतेम 40 टक्के, पण त्यात गुलामांची पेअर टाकली की आकडा लगेच वर जातो. म्हणजे सगळा निर्णय त्या 6 कॉम्बोंवर, आणि ते टाकायचे की नाही हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही, त्या प्लेयरच्या नोट्स सांगतात. नोट्स लिहायची सवयपण तुझीच.

फक्त एक भांडण शिल्लक आहे. त्या राजा-राणीवाल्या हँडमध्ये राजा-नव्वी ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांचे) तू काढून टाकतेस, मी ठेवतो, या लेव्हलला लोक कुठलाही राजा घेऊन येतात गं. तुझं ऐकून ते 4 कॉम्बो काढले तर उरतात 19, तरी 10 ब्लफ लागतातच, म्हणजे फोल्ड फोल्डच राहतो. पण त्याच्या नोट्समध्ये प्रीफ्लॉपला (फ्लॉपच्या आधी) काय काय कॉल केलंय ते मी टाकलंय, बघ आणि सांग.