रिपोर्ट आल्यावर मुक्ताला

नागपूर, २० एप्रिल

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल मी रागावून फोन ठेवला, हे माझे चुकले. नोकरी सोडून इकडे येते असे तू म्हणालीस आणि माझा तोल गेला. तुझ्या त्या गाठीचा विषय या पत्रात काढायचा नाही, असे ठरवून मी लिहायला बसले आहे.

माझ्या स्तनातल्या गाठीच्या रिपोर्टमधले ‘ईआर पॉझिटिव्ह’, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेली गाठ, हे शब्द ऐकून तू घाबरलीस, पण त्यात घाबरण्यासारखे नाही. इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातले संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरते आणि चरबीत विरघळणारे असल्यामुळे कोणत्याही पेशीत शिरू शकते. मग त्याचा परिणाम गर्भाशयावर आणि स्तनांवरच एवढा का दिसावा? शिकागो विद्यापीठात एल्वुड जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ट्रिशियम, म्हणजे माग काढता येणारा किरणोत्सारी हायड्रोजन, जोडलेले इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार), शरीरात असते तेवढ्याच अल्प मात्रेत, वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचून पाहिले. रक्तातून आणि स्नायूंतून ते लवकरच ओसरले, गर्भाशय आणि योनिमार्ग यांनी मात्र ते तासन् तास धरून ठेवले, तेही त्याचे रासायनिक रूप न बदलता. त्या पेशींत त्याला पकडून ठेवणारे प्रथिन असते, तेच रिसेप्टर.

बाबांनी काल कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. भिजवताना पाणी अंगणातल्या फरशीवरही सांडले. फरशी पाच मिनिटांत वाळली आणि ताटी दिवेलागणीपर्यंत ओलीगार होती. वर्गात मी हाच दाखला देते, आणि लगेच हेही सांगते की ताटी कोणतेही पाणी धरते, रिसेप्टर मात्र आपले संप्रेरक ओळखून धरतो.

माझ्या गाठीतल्या पेशींनी हे रिसेप्टर टिकवून ठेवले आहेत, रिसेप्टरच्या तपासणीत आठापैकी सात गुण आहेत, म्हणून शस्त्रक्रियेनंतर मला टॅमॉक्सिफेन हे औषध देता येईल. ते रिसेप्टरची जागा अडवून बसते आणि इस्ट्रोजेनला तिथे थारा मिळत नाही. निदान पाच वर्षे रोज एक गोळी घ्यायची आहे. गर्भाशयात तीच गोळी थोडीफार इस्ट्रोजेनसारखी वागते, त्यामुळे अवेळी रक्तस्राव झाला तर डॉक्टरांना लगेच सांगायचे, हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.

माईआजीच्या गाठीची अशी तपासणी झालीच नाही, कारण तिने ती दाखवलीच नाही. इथल्या महाल भागातल्या घरी ती न्हाणीघराच्या दाराला टेकून केस विंचरू लागे आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. मी बारा वर्षांची होते. फणी तिच्या हातातून घेऊन मी वेणी घालून देत असे, पण हात का उचलत नाही, हे मी एकदाही विचारले नाही.

म्हणून तुला विचारते. दिवाळीत तू म्हणाली होतीस, ‘बघू नंतर’. सहा महिने होत आले, मुक्ता. तुझ्या वयात बहुतेक गाठी साध्या असतात, आणि आधी सोनोग्राफी करतात, तिला फार वेळ लागत नाही. पण साधी आहे हे तू मनाने ठरवायचे नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचे. एम.टेक.ला पहिली आलेली मुलगी, सगळ्या आळीत मी पेढे वाटले, आणि स्वतःच्या शरीराच्या बाबतीत एवढी बेफिकीर कशी?

पुन्हा भाषण झाले. रागावू नकोस. हे पत्र फाडून टाकावे असे वाटले, पण मग तुला काहीच कळवले नसते. नोकरी सोडू नकोस, चार दिवसांची रजा पुरेल. रिक्षाने थेट घरी ये, बाबांना स्टेशनवर उन्हात उभे करू नकोस.

माझी शस्त्रक्रिया २८ तारखेला आहे. त्याआधी तुझी सोनोग्राफी झाली, एवढे कळले तर मला टेबलावर शांतपणे पडता येईल.

तुझी,
आई