पाठिंब्याचे पत्रक म्हणजे मते नव्हेत

महोदय,

अमुक लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या) संघटनेने तमुक उमेदवाराला पाठिंबा दिला, म्हणजे त्या समाजाची गठ्ठा मते तिकडे गेली, असा हिशेब अमेरिकी निवडणुकांच्या आपल्याकडच्या बातम्यांत सर्रास मांडला जातो. २०२४ मध्ये तो साफ चुकला. लुलॅक ही १९२९ साली टेक्ससमधल्या कॉर्पस ख्रिस्ती येथे स्थापन झालेली जुनीजाणती नागरी हक्क संघटना. तिच्या राजकीय निधी समितीने त्या ऑगस्टमध्ये कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला. अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी असे पत्रक या संघटनेच्या इतिहासात पहिल्यांदाच निघाले. नोव्हेंबरात मात्र लॅटिनो मते हॅरिस यांना ५१ टक्के आणि ट्रम्प यांना ४८ टक्के पडली. प्यू रिसर्च सेंटर या जनमत संशोधन संस्थेने मतदारांच्या नोंदी पडताळून काढलेले हे आकडे आहेत. २०२० मध्ये याच पद्धतीने बायडेन ६१, ट्रम्प ३६ असे निघाले होते.

मुळात पाठिंबा कोण देते हे पाहायला हवे. कर कायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली नोंदलेल्या संस्थेला मतदार नोंदणी करता येते, 'मतदान करा' असे सांगता येते. कुणाला करा, हे सांगितले तर करसवलत जाते. उमेदवाराची बाजू घ्यायची तर ५०१(सी)(४) ची वेगळी संस्था किंवा राजकीय समिती काढावी लागते. युनिडोस-यूएस ही २०१७ पर्यंत 'ला रझा' या नावाने ओळखली जाणारी संस्था आणि तिचा 'अ‍ॅक्शन फंड' यांची खाती म्हणूनच वेगळी आहेत. वर्षभर दारोदार फिरणारे कार्यकर्ते बहुधा पहिल्या खात्यावर असतात आणि त्यांना पक्षाचे नाव घेण्याचीही मुभा नसते. पत्रक दुसऱ्या खात्यातून निघते, त्याच्यामागे माणसे असतीलच असे नाही.

खरे काम नोंदणीचे आणि ते कटकटीचे. टेक्ससचेच घ्या. तिथे सर्वसाधारण ऑनलाइन नोंदणी नाही. दुसऱ्याचे भरलेले अर्ज गोळा करायचे तर स्वयंसेवकाला आधी काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याकडून, उपनिबंधक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. ती त्याच काउंटीपुरती चालते, शेजारच्या काउंटीतल्या मतदाराचा अर्ज घ्यायचा तर तिथली वेगळी काढावी लागते. सम वर्षाच्या ३१ डिसेंबरला सगळ्या नेमणुका संपतात, म्हणजे दर दोन वर्षांनी पुन्हा श्रीगणेशा. घेतलेला अर्ज ५ दिवसांत कार्यालयात पोचवावा लागतो. नोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी बंद होते. २०२४ मध्ये ही तारीख ७ ऑक्टोबर होती. आता पक्षांचा आणि देणगीदारांचा पैसा हलतो कधी? बराचसा सप्टेंबरात. तेव्हा माणसे नेमून, शिकवून, नेमणुका काढून अर्ज गोळा करायला वेळच उरत नाही. मग तो पैसा युनिव्हिजन आणि टेलिमुंडो या स्पॅनिश वाहिन्यांवरच्या जाहिरातींत जातो. लॅटिनो संघटनांची ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही.

दुसरी गफलत यादीची. प्रचारयंत्रणा प्रत्येक मतदाराला 'हा मतदानाला येण्याची शक्यता किती' असे गुण देते आणि हे गुण मुख्यतः आधीच्या मतदानावरून ठरतात. नव्याने नागरिक झालेला किंवा नुकताच १८ वर्षांचा झालेला तरुण यात तळाला जातो. त्याच्या दारी कुणी जात नाही, म्हणून तो मतदान करत नाही, म्हणून पुढच्या खेपेलाही तळालाच. लॅटिनो मतदारवर्ग तुलनेने तरुण असल्याने हा फटका त्याला जास्त बसतो. शिवाय टेक्ससमध्ये मतदार नोंदणीत पक्ष लिहिला जात नाही, त्यामुळे आडनावांवरून अंदाज बांधतात. तिसऱ्या पिढीतल्या, घरात इंग्रजीच बोलणाऱ्या गार्सियाला स्पॅनिश फोन जातो आणि लग्नानंतर स्मिथ झालेली गार्सिया यादीतून गळते. स्पॅनिश आडनावाचे फिलिपिनो यात हमखास सापडतात. यादी नीट चाळली नाही तर आपले गोव्याचे फर्नांडिसही सापडायचे!

रिपब्लिकनांची वाट वेगळी. २०१२ मध्ये त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार रॉम्नी यांना मतदानोत्तर चाचणीत जेमतेम २७ टक्के लॅटिनो मते मिळाली. मार्च २०१३ च्या पक्षाच्या अहवालाने स्थलांतर कायद्यात व्यापक सुधारणा करा, असे बजावले. जूनमध्ये सिनेटने तसे विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमतही केले, पण रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधीगृहात ते मतदानालाच आले नाही. तरी पुढे मते वाढली ती विधेयकाविनाच. उद्योगपती कोक बंधूंच्या गटाच्या पैशावर उभी राहिलेली लिब्रे ही संस्था इंग्रजीचे वर्ग आणि वाहन परवान्याच्या परीक्षेची तयारी यांतून लोकांपर्यंत पोचत होती. २०२१ पासून पक्षाने टेक्ससमधल्या मॅकअ‍ॅलन, लारेडो अशा ठिकाणी केंद्रेही उघडली; २०२२ ची संसदेची मध्यावधी निवडणूक आटोपताच त्यांतली बरीच बंद झाली. टेक्ससच्या मेक्सिको सीमेवरच्या रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात सीमा सुरक्षा दलाची नोकरी ही चांगल्या पगाराची नोकरी आहे आणि २०२४ मध्ये किराण्याचे भाव हा घरोघरचा विषय होता. डेमोक्रॅटांनी संघटनांची स्थलांतर कायद्यातल्या सुधारणेची मागणी हीच मतदारांची पहिली मागणी धरली, ती चूक त्यांना महागात पडली असे माझे मत आहे.

याच खोऱ्यातली, जवळपास सगळी वस्ती लॅटिनो असलेली स्टार काउंटी १८९६ पासून अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट उमेदवारालाच मताधिक्य देत आली होती. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना तिथे सुमारे ७९ टक्के मते होती. २०२४ मध्ये ट्रम्प सुमारे ५८ टक्के मते मिळवून जिंकले. पण ही काउंटी ज्यात येते त्या प्रतिनिधीगृहाच्या २८ व्या मतदारसंघातून त्याच दिवशी डेमोक्रॅट हेन्री क्वेलार निवडून आले. अ‍ॅरिझोनातही ट्रम्प आणि सिनेटसाठी डेमोक्रॅट रुबेन गायेगो, दोघेही जिंकले. वारे उलटेही फिरते. मोठी लॅटिनो वस्ती असलेली न्यू जर्सीतली पसेइक काउंटी २०२४ मध्ये ट्रम्प यांच्याकडे गेली आणि २०२५ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट मिकी शेरिल यांच्याकडे परत आली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये टेक्ससने रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढवण्याच्या हिशेबाने मतदारसंघांचा नवा नकाशा केला, त्यातल्या काही जागांचे गणित २०२४ ची लॅटिनो मते त्या पक्षाशी टिकून राहतील यावरच बेतलेले आहे. लुलॅक त्याविरुद्ध न्यायालयात गेली. २००६ मध्येही याच संघटनेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससचा २३ वा मतदारसंघ मतदान हक्क कायद्याचा भंग करतो, असा निकाल दिला होता. संघटनेचे वजन अशा ठिकाणी कळते. तेव्हा यापुढे पाठिंब्याची बातमी छापताना तो संस्थेच्या कोणत्या खात्यातून आला आणि त्या संस्थेने उन्हाळ्यापर्यंत किती अर्ज भरून घेतले, एवढे दोन तपशील आपण द्यावेत, ही विनंती. २०२६ साठी टेक्ससमधली नोंदणीची मुदत ५ ऑक्टोबरला संपते.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी