बी-७ खालची टाकी आणि आपल्या बोअरचं पाणी : अध्यक्षांना चौथं पत्र

प्रति,
मा. चेअरमनसाहेब,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, कोल्हापूर

विषय : बोअरच्या पाण्याला येणारा डिझेलचा वास आणि बी-७ पार्किंगखालची जुनी लोखंडी टाकी

स. न. वि. वि.

आधीच्या तिन्ही पत्रांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, उत्तर एकाचंही नाही. उपविधींप्रमाणे सभासदाचा तक्रार अर्ज लगेचच्या सभेत घ्यायचा आणि निर्णय १५ दिवसांत कळवायचा असतो. मी पहिला अर्ज दिला तेव्हा वळीव पडत होता, आता गणपतीची वर्गणी सुरू झाली. मी भांडखोर माणूस नाही, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे.

बोअरच्या पाण्याला डिझेलचा वास येतो. सेक्रेटरीसाहेब म्हणतात, "काका, भास होतोय तुम्हाला." उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कारखान्यात माझी ३२ वर्षं गेली. रॉकेल कुठलं, डिझेल कुठलं, हे मला डोळे मिटून कळतं. बादली रात्रभर भरून ठेवली की सकाळी पाण्यावर मोरपंखी तवंग असतो. तोही भासच म्हणायचा का?

प्लॉट बिल्डरकडे येण्याआधी इथं ट्रकचं गॅरेज होतं, हे वॉचमनमामा पहिल्यापासून सांगतात. जानेवारीत ड्रेनेजचा पाइप बदलताना बी-७ मध्ये दोन इंची पाइपचं गंजकं तोंड सापडलं. मी स्वतः त्यात दोरीला नट बांधून सोडला. नऊ फुटांवर टेकला आणि दोरी खाली वीतभर काळी होऊन वर आली. म्हणजे खाली गॅरेजची जुनी टाकी आहे आणि तिच्यात अजून तेल आहे. दुसऱ्याच दिवशी तिथं सिमेंट ओतून वर पेव्हर बसवलेले! लिफ्ट बंद पडते तेव्हा ही चपळाई कुठं जाते? २०१९ च्या महापुरात याच जागेची फरशी फुगली होती. तेव्हा सगळे बिल्डरला शिव्या देऊन मोकळे झाले. जमिनीतलं पाणी चढलं की रिकामी होत आलेली टाकी खालून वर उचलली जाते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, हे कबूल.

खाली काळा कातळ आहे, तेल मुरणार कुठं, असं बी-७ चे मालक पार्किंगमध्ये उभं राहून सगळ्यांना समजावतात. कातळाला भेगा असतात. बोअरला पाणी येतं ते त्या भेगांतूनच, आणि तेलालाही तीच वाट आहे. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळं ते भूजलावर तरंगतं आणि पातळी वर-खाली होईल तसं माती माखत जातं. पावसाळ्यात पाणी चढून त्या माखलेल्या थराला भिडतं. मे महिन्यात नाकाला न कळणारा वास जुलैत घरभर होतो तो यामुळं.

आता नोटीसबोर्डावरच्या 'नॉर्मल' रिपोर्टबद्दल. त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) आहे, कठीणपणा आहे, जंतू आहेत. तेलाची तपासणीच नाही! मागितलीच नाही तर लॅब कशाला करेल? शिवाय नमुना कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत घेतला आणि ती बाटली दोन दिवस सेक्रेटरीसाहेबांच्या गाडीत उन्हात पडून होती. इंधनातले बेंझिन, टोल्युइन यांसारखे घटक उडून जाणारे. त्यासाठी नमुना काचेच्या बाटलीत, वर हवा न ठेवता काठोकाठ भरून, बर्फात ठेवून न्यावा लागतो. बेंझिनमुळं कॅन्सर होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. डिझेलमध्ये ते पेट्रोलपेक्षा कमी असतं, मान्य. पण त्या टाकीत शेवटी काय भरलं होतं, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का? "उकळून घ्या की" हा खजिनदारांचा सल्लाही ऐकला. उकळल्यावर ते भांड्यातून स्वयंपाकघराच्या हवेत जाणार.

नियमांचं म्हणाल तर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विनापरवाना डिझेल २,५०० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही १,००० लिटरपेक्षा मोठ्या टाकीत नाही. गॅरेजवाल्याकडे परवाना होता का, हे बिल्डरच्या कागदांत बघावं. (बी-७ चे मालक माझ्या बायकोला गच्चीत पापड वाळवायचा नियम दाखवतात, तेव्हा मीही एखादा दाखवायला हरकत नसावी.)

हे माझ्या एकट्याचं मत नाही. २४ पैकी १७ घरं माझ्या बाजूनं आहेत. सह्या चारच मिळाल्या, कारण बाकीचे म्हणाले, "काका, तुम्ही लिहा, आम्ही आहोतच की."

करायचं फार नाही. पेव्हर काढून पाइपचं तोंड उघडावं आणि टाकीत किती तेल, किती पाणी आहे ते मोजावं. टाकीच्या चारी बाजूंनी, तळाच्या खोलीपर्यंत मातीचे नमुने घ्यावेत. त्रिकोणात तीन निरीक्षण बोअर पाडावेत; भूजल कुठल्या दिशेला वाहतं हे एका बोअरवरून कळत नाही, आणि शेजारच्या बंगल्याची विहीर आपल्या उताराला आहे. टाकी काढायची ती जाणकाराकडूनच, आधी आतला वायू घालवून. आपल्या नेहमीच्या वेल्डरला बोलावू नये, नाहीतर टाकीबरोबर पार्किंगही जाईल. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेला पत्र तुमच्या सहीनं जावं. मसुदा सोबत जोडला आहे, सहीची जागा पेन्सिलीनं दाखवली आहे.

एवढ्याला अडचण एकच, की बी-७ ची गाडी काही दिवस रस्त्यावर उभी राहील. माझी स्कूटर गेली सहा वर्षं रस्त्यावरच उभी असते.

येत्या रविवारच्या सभेत हा विषय पहिला घ्यावा. चहा बोअरच्या पाण्याचा करावा. मी घरून पाणी घेऊन येईन.

आपला,
सभासद, सदनिका ए-१०४

ता. क. : बी-७ च्या गाडीच्या धुळीवर परवा कुणीतरी बोटानं 'डिझेल' लिहिलं. ते मी लिहिलेलं नाही.